१९ महिन्यांचा मुलगा ‘नको’ म्हटलं की हसतो आणि पुन्हा तेच करतो, तेव्हा काय करायचं?

एका आईने लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १९ महिन्यांचा. वन बीएचके घर, घरात आजी, बाबा रात्री आठच्या पुढे येतात. मुलगा दिवसभर ड्रॉवर उपसतो, डब्यांची झाकणं काढतो, तांदळात हात घालतो, आणि गेल्या आठवड्यापासून त्याचा हात गॅसच्या बटणाला पोचायला लागलाय. ‘नको’ म्हटलं की आईकडे बघून हसतो आणि पुन्हा तिथेच हात नेतो. आजी म्हणतात, लहान आहे, करू दे. बाबा ओरडतात. रविवारी आईने त्याच्या हातावर चापट मारली आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन नाही. त्याचं कुतूहल मारायचं नाही, पण त्याला भाजू, कापू पण द्यायचं नाही. मग करायचं काय?

मी सांगलीत गेली २६ वर्षं पाळणाघर चालवते. रांगणाऱ्या मुलांपासून साडेतीन वर्षांपर्यंतची मुलं माझ्याकडे दिवसाचे आठ-नऊ तास असतात. आधी उत्तर सांगते, मग कारणं.

या वयात मर्यादा तोंडाने घालता येत नाही, ती पायांनी घालावी लागते. पोळ्या लाटता लाटता ‘ए, नको, नको म्हटलं ना तुला’ असं दहा वेळा म्हणण्यापेक्षा एकदाच लाटणं खाली ठेवायचं, चार पावलं चालत जायचं, त्याच्याशेजारी बसायचं आणि त्याचा हात आपल्या हातात घ्यायचा. शब्द त्यानंतर. आता दर वेळी उठायचं, तर ज्यांच्यासाठी उठावं लागेल अशा गोष्टी घरात पाच-सहाच असायला हव्यात, नाहीतर दुपारी बारापर्यंत आई दमते आणि बसल्या जागेवरून ओरडायला लागते. म्हणून बाकीचं घर एकतर त्याला खुलं करायचं, नाहीतर त्याच्या नजरेआड करायचं.

आता तो हसतो त्याबद्दल. ‘माझ्याकडे बघून मुद्दाम करतो’ हे वाक्य मी बहुतेक प्रत्येक आईकडून ऐकलंय, आणि दर वेळी मला त्या मुलाची बाजू घ्यावीशी वाटते. तो तुमच्याकडे बघतो ते तुम्हाला चिडवायला नव्हे. त्याला विचारायचंय. १९८५ साली अमेरिकेत यावर एक फार सुंदर प्रयोग झाला. एका मोठ्या टेबलावर जाड काच होती. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचं कापड, आणि पुढच्या भागात तेच कापड खाली नेलेलं, म्हणजे पुढे खड्डा आहे असं वाटावं. पलीकडच्या टोकाला आई. वर्षाची मुलं रांगत त्या खोट्या कडेपर्यंत आली, थबकली आणि त्यांनी मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जिथे आयांनी आनंदी चेहरा ठेवला होता तिथे १९ पैकी १४ मुलं काचेवरून पलीकडे गेली. जिथे आयांनी घाबरलेला चेहरा केला तिथे १७ पैकी एकही मूल गेलं नाही. आयांनी शब्द एकही उच्चारला नव्हता.

म्हणजे मूल निर्णय घ्यायच्या आधी आपला चेहरा वाचतं. आता तुमच्या घरात काय झालं असेल याचा अंदाज करा. पहिल्यांदा त्याचा हात गॅसच्या बटणाला लागला तेव्हा कुणीतरी कौतुकाने म्हणालं असेल, ‘अगं बाई, पोचला की हा!’ दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीला आई घाबरून ओरडली. तिसऱ्या दिवशी आई फोनवर होती, तिने नुसती मान हलवली. त्याला एकाच प्रश्नाची तीन उत्तरं मिळाली. तो पुन्हा हात नेतो, वळून बघतो, आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं की त्याला हसू येतं, कारण खेळ चालू झालाय असं त्याला वाटतं. ‘बुवा कुक’ खेळताना हेच तर होतं. तो बघतो, तुम्ही काहीतरी करता, तो हसतो.

दुसरी गोष्ट, त्याला कळतं पण थांबता येत नाही. माझ्याकडे २० महिन्यांची एक मुलगी होती. ती टेबल फॅनपाशी जायची, स्वतःच तर्जनी हलवत ‘नाई नाई’ म्हणायची आणि म्हणता म्हणताच जाळीला बोट लावायची. तिच्या आईला वाटायचं हा हट्टीपणा आहे. मला त्यात ती किती कष्ट घेतेय ते दिसायचं. नियम तिला पाठ होता, पण हाताला थांबवणारा मेंदूचा भाग, कपाळामागचा, या वयात नुकता कुठे कामाला लागलेला असतो आणि पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. तोवर थांबवण्याचं काम आपल्या हातांनी करायचं. ती मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा जाळीपासून वीतभर अंतरावर हात मागे बांधून उभी राहायची.

तिसरी गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याची. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांचं तान्हेपण बारकाईने टिपून ठेवलं होतं. एक ते दीड वर्षाच्या सुमाराला मूल तीच कृती थोडा थोडा बदल करत करून बघतं, हे त्याने नोंदवलं. तुमचा मुलगा चमचा खाली टाकतो, मग उंचावरून टाकतो, मग पाण्यात टाकतो. आपल्याला ते एकसारखं दिसतं, त्याच्या दृष्टीने तीन वेगळे प्रयोग असतात. म्हणून ‘किती वेळा तेच तेच करशील’ या आपल्या वैतागाचा त्याला अर्थच लागत नाही.

आणि एक निरीक्षण आपल्या भाषेबद्दल, मला पाळणाघरात कळलेलं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘गॅसला हात लावू नकोस.’ छोट्याच्या कानावर आधी पडतं गॅस, मग हात, मग लावू. ‘नकोस’ येईपर्यंत हात तिथे पोचलेला असतो. त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या ताई धोक्याच्या वेळी एकच शब्द वापरतात, ‘थांब’. आणि त्याला जोडून, काय करायचं ते: ‘थांब. हात खाली.’ ‘थांब. पाय जमिनीवर.’ हा ‘थांब’ जेवताना, कपडे घालताना, खेळणी आवरताना वापरायचा नाही. दिवसात ४० वेळा वापरलेला शब्द त्याच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखा होतो.

आता घर. इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त मर्यादा मूल झोपलेलं असताना घालायच्या असतात. एक दुपार काढा आणि त्याच्या उंचीवरून घर बघा, म्हणजे खरंच गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत जा. ओट्याच्या कडेवरून लोंबणारी मिक्सरची वायर, कडेबाहेर आलेला कढईचा दांडा, टीपॉयवरचा चहाचा कप, सोफ्याखाली गेलेली आजीची गोळी, हे उभं राहून दिसत नाही.

गॅसपासून सुरू करू. शेगडीचं काम संपलं की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, पाइपगॅस असेल तर भिंतीवरची चावी बंद. मग दुपारी बटण फिरलं तरी वायू येणार नाही. बटणांवर बसवायची प्लास्टिकची झाकणं मिळतात, ती लावा. भांडी मागच्या बर्नरवर ठेवा आणि दांडे भिंतीकडे वळवा. पण माझ्या अनुभवात आपल्याकडे लहान मुलं सर्वांत जास्त भाजतात ती चहाने आणि गरम वरणाने. मोठं माणूस मुलाला मांडीवर घेऊन चहा पीत असतं, मूल झेप घेतं, किंवा जमिनीवर पंगत मांडलेली असते आणि मूल पातेल्यात हात घालतं. मांडीवर मूल असताना हातात चहा नाही, हा नियम मुलासाठी नाही, घरातल्या मोठ्यांसाठी आहे, आणि तो पाहुण्यांनाही लागू. भाजलंच तर २० मिनिटं नळाचं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावायचं नाही. मग स्वच्छ ओलसर कापडाने झाकून दवाखाना.

विळी वापरून झाली की पातं दुमडून वरच्या फळीवर, ‘दोन मिनिटांत परत लागणार आहे’ म्हणून भिंतीला टेकवून ठेवायची नाही. मोरीतली भरलेली बादली रिकामी करून पालथी घाला. या वयाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, ते बादलीत वाकलं की त्याला स्वतःहून वर येता येत नाही, आणि बुडायला काही सेंटिमीटर पाणी पुरतं, आवाजही होत नाही. फिनेल, ॲसिड, रॉकेल कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. रॉकेल पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात जातं. तसंच दवाखान्यात न्यायचं.

रिमोट, खेळणी, वजनकाटा यांतले बटणासारखे चपटे सेल ही मला आज सर्वांत जास्त भीती वाटणारी वस्तू आहे. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर जखम करू शकतो. सेलच्या कप्प्याला स्क्रू नसेल तर चिकटपट्टी घट्ट लावा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खे काजू-बदाम पाच वर्षांपर्यंत द्यायचे नाहीत. कूट करून खुशाल द्या. द्राक्षं उभी चिरून. खालच्या उंचीवरच्या सॉकेटना झाकणं बसवा, आणि वीजजोडणीत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. गॅलरीच्या गजांत १० सेंटिमीटरहून जास्त फट असेल तर जाळी मारा आणि तिथली खुर्ची, कुंडी, उलटी बादली, ज्यावर चढता येईल ते सगळं आत घ्या.

हे एकदा झालं की ‘नको’ म्हणायच्या जागा फार थोड्या उरतात. मी पालकांना कागदावर लिहायला लावते. साधारण अशी यादी होते: शेगडी, वीज, देवापुढचा दिवा, रस्त्यावर हात सोडणं, गॅलरीत एकटं जाणं, दुसऱ्याला मारणं किंवा चावणं. बस. तांदळाचा डबा या यादीत नाही. तांदूळ सांडणं हा पसारा आहे, त्यात धोका नाही, आणि दोन्हीला एकाच आवाजात ‘नको’ म्हटलं तर मुलाला शेगडी आणि तांदूळ एकाच तोलाचे वाटतात. ही यादी फ्रिजवर लावा आणि घरातल्या प्रत्येकाने तीच पाळायची.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं, हे एका प्रसंगाने सांगते. माझ्याकडे संध्याकाळी साडेसहाला दिवा लागतो. देवघर खाली आहे, लाकडी पाटावर, माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून तिथेच. पावणेदोन वर्षांचा एक मुलगा, त्याचे बाबा उशिरा येत असल्यामुळे त्या वेळेला एकटाच उरायचा. पहिल्या संध्याकाळी तो निरांजनाकडे सरळ चालत गेला, दोन पावलांवर थांबला, वळून माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत होते. ताट बाजूला केलं, उठले, त्याच्याशेजारी मांडी घालून बसले आणि त्याचा उजवा हात माझ्या हातात घेतला. चेहरा शांत, पण हसरा नाही. ‘थांब. दिवा गरम. लांबून बघू.’ तो हात ओढायला लागला, मी धरून ठेवला, दाबला नाही. मग दोघांनी मिळून ज्योतीकडे बघितलं. मी हळूच फुंकर मारली, ज्योत वाकली आणि परत उभी राहिली. तो एकदम स्तब्ध झाला. पुन्हा हात पुढे. पुन्हा तेच शब्द, तोच हात. त्या संध्याकाळी मी सात वेळा तेच केलं. दुसऱ्या दिवशी पाच वेळा. नवव्या-दहाव्या दिवशी तो येऊन आपणहून पाटापासून हातभर लांब बसला, हात मांडीत घेतले आणि म्हणाला, ‘फू.’ मी फुंकर मारली. त्याला त्या दिव्याकडून जे हवं होतं ते हेच होतं, ज्योत हलताना बघणं. हात लावणं हा त्याला तोवर माहीत असलेला एकच रस्ता होता. पण हे दहाही दिवस मी त्याच्याजवळ बसलेली होते, आणि दिवा शांत झाल्याशिवाय तिथून उठले नाही.

या प्रसंगातलं महत्त्वाचं सात हा आकडा आहे. एकदा सांगून ऐकलं नाही म्हणून मूल बिघडलेलं नसतं. सातही वेळा उत्तर तेच आलं, आवाज चढला नाही, आठव्या वेळी मी कंटाळून ‘बरं, लाव’ म्हटलं नाही, म्हणून ते रुजलं. पाच वेळा नाही आणि सहाव्या वेळी हो म्हणणाऱ्या घरातलं मूल सहाव्या वेळेपर्यंत रेटायला शिकतं.

‘गरम’ हा शब्द कळावा म्हणून मी आणखी एक गोष्ट करते. स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेते, आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, आणि मग मुलाचा हात वाटीला बाहेरून लावते. ‘गरम.’ शेजारी माठातल्या पाण्याची वाटी. ‘गार.’ चार दिवस हा खेळ खेळला की शेगडीपाशी म्हटलेल्या ‘गरम’ला काहीतरी अर्थ येतो. चटका देऊन शिकवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, ‘एकदा भाजलं की परत जाणार नाही’ म्हणतात. ते करू नका. मुलाची कातडी पातळ असते, आपल्याला चटका वाटतो तिथे त्याला फोड येतो.

आता कुतूहलाला दुसरी वाट. नुसतं थांबवून भागत नाही, पाणी अडवलं तर कुठेतरी वळवावंही लागतं. तुमच्या ओट्याखालचा एक कप्पा त्याचा करा. जुने स्टीलचे डबे, झाकणं, पळी, गाळणी, लाकडी रवी, नारळाची करवंटी. महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींची परदेशी साधनं खेड्यात परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया यांवर बालवाडी उभी केली. माझी पिढी त्यांच्या त्या कामावरच शिकली. फक्त इतक्या लहानांना देताना तोंडात मावेल अशी वस्तू नको, आणि शेजारी मोठं माणूस हवंच.

मूल कशाच्या मागे आहे ते नीट बघा. ड्रॉवर उपसणाऱ्याला ‘आत काय आहे’ हे हवं असतं, त्याला पिशवीत घालून काढायच्या गोष्टी द्या. बटणं फिरवणाऱ्याला फिरवायचं असतं, त्याला मोठ्या झाकणाची बरणी द्या. पाणी ओतणाऱ्याला ओतू द्या. आमच्याकडे एक मुलगी मोरीच्या नळाशी सतत जायची. मी परातीत तांब्याभर पाणी आणि दोन वाट्या दिल्या आणि जवळ बसून राहिले. या वाटीतून त्या वाटीत, पुन्हा उलट, थोडं परातीत, ओठ मुडपलेले, जीभ कोपऱ्यातून बाहेर. २२ मिनिटं तिने मान वर केली नाही. परकराचा घेर ओला झाला, एवढंच. त्यानंतर नळाचा नाद सुटला. परात मात्र तिचा खेळ संपताच रिकामी करायची, आणि दाराची बेल वाजली तर मुलीला बरोबर घेऊन उठायचं.

तो रडेल. मर्यादा पाळली जातेय याची ती खूणच समजा. रडणं थांबवायला ती गोष्ट देऊ नका, आणि मोबाइलही देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार वर्षभराच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन वर्षं पूर्ण झाल्यावरही दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की रडू येणं, ते ओसरणं आणि आई जवळच असणं हा अनुभव त्याला पूर्ण घेऊ द्यावा. तुम्ही फक्त जवळ बसा. ‘तुला बटण हवं होतं. राग आला.’ एवढं पुरे. समजावणीचं भाषण त्या वेळी त्याच्या डोक्यात शिरत नाही. आणि रडारड संध्याकाळी सहा ते आठमध्येच होत असेल तर झोप मोजा. या वयाला दुपारच्या झोपेसकट २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते. झोप कमी पडली की कुठलीच मर्यादा चालत नाही.

‘बुवा येईल’, ‘डॉक्टर सुई टोचतील’, ‘पोलीस नेतील’ हे बंद करा. त्याने मूल थांबतं खरं, पण ते घाबरून थांबतं, आणि पुढच्या लसीच्या दिवशी त्याच डॉक्टरांसमोर तुम्हालाच त्याला धरून बसावं लागतं. तसंच मूल पडलं की जमिनीला ‘हात रे’ करून मारायची सवय. त्यात प्रेम असतं हे मला मान्य आहे, पण दुखलं की कुणाला तरी मारायचं, हे आपण त्याला तिथेच शिकवतो आणि मग तो दुसऱ्या मुलाला मारतो तेव्हा आश्चर्य करतो.

मारण्या-चावण्याबद्दल थोडक्यात: हात धरायचा, ‘मारायचं नाही, दुखतं’ म्हणायचं, आणि ज्याला लागलंय त्याच्याकडे आधी जायचं.

आजींबद्दल. तुमच्या प्रश्नात त्या अडचण म्हणून आल्यात, पण मला त्यांच्यात मोठा आधार दिसतो. त्या ‘करू दे’ म्हणतात ते ऐंशी टक्के गोष्टींत बरोबरच आहे. तांदळाच्या डब्याबाबत आजींचंच ऐका. उरलेल्या पाच-सहा गोष्टींची यादी त्यांच्याबरोबर बसून करा, तयार यादी त्यांच्यापुढे ठेवू नका. ‘आई, गॅसचं काय करूया? दुपारी तुम्हीच असता त्याच्याजवळ’ असं विचारा. त्यांचे गुडघे दुखत असतील आणि उठणं जमत नसेल, तर दुपारी स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी अडसर लावा, ज्याने त्यांना उठावंच लागणार नाही. बाबांना एवढंच सांगा की ओरडल्याने मूल दचकून थांबतं, पण का थांबलो हे त्याला कळत नाही. त्यांनी घरी आल्यावर मुलाला घेऊन ‘गरम-गार’चा खेळ रोज खेळावा. ओरडणाऱ्या बाबाला करायला काहीतरी दिलं की ओरडणं कमी होतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

दोन-तीन गोष्टी मात्र कुतूहलात धरू नका. माती, चुना, पाटीवरची पेन्सिल सतत खात असेल तर डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या, लोह कमी असल्यावर असं होतं. आणि मूल हात न्यायच्या आधी तुमच्याकडे बघतच नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे विकासाची तपासणी आत्ताच करून घ्या. ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणून वाट बघत बसू नका. तुमचा मुलगा तुमच्याकडे बघतो, हसतो, तुमचा चेहरा वाचतो. ते वाचून मला बरं वाटलं होतं.

आता रविवारची चापट. तुम्ही ती प्रश्नाच्या अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलीत, म्हणून मी तिच्यावरून पुढे जाणार नाही. एका चापटीने तुमच्यातलं नातं मोडलेलं नाही. तुम्ही घाबरला होतात, कारण गॅस होता. तिचा उपयोग मात्र काही झाला नाही. त्याच्या लक्षात बटण राहिलं नाही, आईचा बदललेला चेहरा राहिला. तो लहान आहे म्हणून माफी मागायची नाही, असं मी मानत नाही. त्याला जवळ घेऊन, तोच हात हातात घेऊन सांगा, ‘आईने मारलं. आई चुकली. आता आई हात धरेल.’ शब्द सगळे कळणार नाहीत, सूर कळेल.

आणि आज संध्याकाळी तो पुन्हा ओट्याशी येईल. कणीक मळून झाली की आधी शेगडीपासून लांब, दाराजवळ पाट मांडा, त्यावर त्याला बसवा, आणि लिंबाएवढा गोळा त्याच्या हातात द्या. तो चेपेल, चाटून बघेल, नाकाला लावेल, जमिनीवर चिकटवेल. तो उठून बटणाकडे निघाला तर तवा खाली उतरवा, गॅस बंद करा आणि जा त्याच्याकडे. पोळ्या अर्धा तास उशिरा झाल्या तरी चालतील.